आवडलेल्या घराची नालस्ती

घर पाहायला जाताना लिफ्टमध्ये आमच्या हिने मला शेवटची ताकीद दिली.

"आवडलं तरी तोंडावर दिसू द्यायचं नाही. तुमचं तोंड म्हणजे दुकानाची पाटी. आत शिराल तेव्हा खाली बघत शिरा."

त्यामुळे त्या घराची आणि माझी पहिली ओळख जमिनीपासून झाली. लाकडी पट्ट्यांची जमीन होती, मधाच्या रंगाची, वर्षानुवर्षं अनवाणी पावलांनी घासून गुळगुळीत झालेली. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत तिच्यावर एक फिकट वाट पडली होती, माळावर गुरांच्या येण्याजाण्याने पडते तशी. म्हणजे खाली बघूनसुद्धा मला घर आवडलं. आता याला माझा काय इलाज?

नोकरीसाठी परमुलखात येऊन राहिलेल्या माणसाने तिथे घर घेण्याच्या फंदात पडू नये, असं सांगणारे आम्हाला पुष्कळ भेटले होते. त्यातल्या प्रत्येकाने स्वतः घेतलेलं होतं. आम्ही मात्र भाड्याच्या घरांतून हिंडत होतो. एका मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, एका मालकिणीचं लग्न मोडलं, तिसऱ्याला आमच्याच बेडरूममध्ये नाचाचा वर्ग काढावासा वाटला. त्या लोकांच्या आयुष्यात काही बरंवाईट घडलं की खोकी आम्ही बांधायची. नाचवाल्याची चिठ्ठी आली तेव्हा हिने ती वाचली, तिची बारीक घडी केली आणि म्हणाली, "आता बांधेन ती शेवटची. पुढच्या घरातून मला कुणी निघा म्हणता कामा नये." एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. भांड्यांच्या आवाजावरून ठराव मंजूर झाल्याचं माझ्या लक्षात आलं.

मग आम्ही एक दलाल गाठला. आमच्याशी तो इंग्रजीत बोले आणि तिथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत, आणि दोन्हीकडे सारख्याच उत्साहाने. त्याला कशाचंच वाईट वाटत नसे, हा त्या धंद्यातला फार मोठा गुण. त्यानेच हे घर काढलं. वरच्या मजल्यावरचं, एका आजींचं. आजी एकट्या होत्या. मुलगी दुसऱ्या शहरात होती आणि तिच्याकडे कायमचं जायचं म्हणून त्यांनी घर विकायला काढलं होतं. अडचण एकच, दलाल म्हणाला. त्या इमारतीत बाहेरदेशच्या माणसाला घर द्यायचं तर रहिवाशांच्या सभेची संमती लागते. "पण ते काय, नुसतं हात वर करतात," असं म्हणून त्याने स्वतःचा हात वर करून दाखवला.

आता इथे आमच्या घराण्याच्या एका विद्येबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझी आई खरेदीला निघायची तेव्हा मागे पिशवी धरून मी असायचो. आईला एखादी साडी मनातून आवडली की ती प्रथम तिच्या काठांना नावं ठेवायची. मग पदराला. मग रंगाला; हा रंग पाहून डोकं दुखतं म्हणायची. दुकानदाराचा चेहरा पुरेसा उतरला की ती उठायची आणि चालू लागायची. ते चालणं पाहण्यासारखं असे. पावलं मोठी पडत, पण अंतर काही कापलं जात नसे. पायरीशी पोचता पोचता मागून हाक यायची, "अहो बाई, या तरी!" आणि आई जणू रस्त्यावरचं कुणी बोलावतंय अशा नवलाने वळायची. दुकानदारही पोचलेला असायचा. जी काठांना नावं ठेवते ती घेणार, आणि जी "छान आहे हो" म्हणते ती पंख्याखाली बसायला आलीय, हे त्याला पक्कं ठाऊक असे. दोघं मिळून ते नाटक इतकं मन लावून करत, की शेवटी साडीपेक्षा त्याचंच समाधान घेऊन आम्ही घरी येत असू. लग्नानंतर ही विद्या आईकडून आमच्या हिच्याकडे आली. सासूसुनांचं एरवी आमटीतल्या मिठावरूनही जमत नसे; पण बाजारात दोघी खांद्याला खांदा लावून निघाल्या की दुकानदार आधीच पाणी पिऊन घेत.

तर आजी दारात उभ्या होत्या. छोट्याशा, ताठ, केस मागे घट्ट बांधलेले. आम्हाला त्यांनी अगोदर बैठकीची खोली दाखवली. एक अख्खी भिंत पुस्तकांच्या फळ्यांची होती, भिंतीतच बसवलेल्या. मी मान खालीच ठेवली, पण डोळे वर गेले. मग स्वयंपाकघर. तिथे मात्र हिने माझा दंड धरला आणि असा चिमटला की वळ उठला. हिला काही आवडल्याची ती खूण.

ओट्यामागच्या भिंतीला निळ्या टाइल्स होत्या, हाताने रंगवलेल्या. प्रत्येकीवर एक पाखरू, आणि एकासारखं दुसरं नाही. ओट्याच्या बाजूला खिडकी, तिला चांगला मांडी घालून बसता येईल असा रुंद कट्टा, आणि बाहेर झाड. ते झाड इतकं जवळ, की एक फांदी आत काय शिजतंय ते पाहायला वाकल्यासारखी दिसत होती.

"शी!" ही म्हणाली.

दलालाने भाषांतर केलं. 'शी'चं भाषांतर करायला त्याने बराच वेळ घेतला.

"किती जुन्या या टाइल्स! पाखरं काय, कुणी लावतं का स्वयंपाकघरात? आणि हे झाड बघा. उजेड म्हणून येत नसेल. दुपारीसुद्धा अंधारकोठडी. त्या फळ्या तर वाळवीला आमंत्रण!"

मीही माझ्या वाटणीचं केलं. दार कुरकुरतं म्हणालो. जमीन झिजलीय म्हणालो, आणि म्हणताना मला खरोखर शरम वाटली.

आजी शांतपणे ऐकत होत्या. प्रत्येक दोष ऐकला की त्या जिकडे बोट दाखवलं तिकडे बघत आणि मान हलवत. रागाचं चिन्ह नाही, घासाघीस नाही. एखाद्या डॉक्टरने तपासून रोग सांगावा तसं त्यांनी ते ऐकून घेतलं. मग आम्ही "बघू, कळवू" म्हणून उठलो आणि चालू लागलो.

आईच्या हिशेबाने हाक दारातच यायला हवी होती. आली नाही. आम्ही लिफ्टपाशी थांबलो. लिफ्ट आली, हिने ती जाऊ दिली. पुन्हा आली.

"चपलेचा पट्टा बघा तुमच्या," ही कुजबुजली. मी खाली वाकून पट्टा बघितला. माझ्या पायात बूट होते. मागून दार बंद झाल्याचा आवाज आला, हळू, सभ्य. आम्ही जिन्याने उतरलो, प्रत्येक वळणावर दम खात. फाटकापाशी दलालाने विचारलं, "काही विसरलात का वर?"

"नाही," ही म्हणाली, "त्याच विसरल्यात काहीतरी."

आमच्या भाड्याच्या घराशेजारी आपल्याकडचेच एक गृहस्थ राहत. त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझ्या अनुभवाने' असं सुरू होई, म्हणून आम्ही त्यांना अनुभवी म्हणत असू. सल्ला देण्यासाठी त्यांना बोलवावं लागत नसे. चहाची किटली वाजली की ते यायचे.

"माझ्या अनुभवाने," ते म्हणाले, "आता फोन करायचा नाही. गप्प बसायचं. माणूस गप्प बसला की समोरचा हलतो. वहिनी, तुम्ही अगदी बरोबर केलंत. दोषच काढायचे. मी माझ्या फ्लॅटला एवढे दोष काढले होते—"

"मग मालकाने भाव उतरवला?"

"उतरवला असता. त्याने दुसऱ्याला विकला."

आम्ही गप्प बसलो. तो काळ फुकट जाऊ नये म्हणून मी कागदपत्रांच्या मागे लागलो. परदेशी खरेदीदारांचं एक कार्यालय होतं, तिथल्या खिडकीतल्या बाईंनी आमचे अर्ज उलटसुलट करून पाहिले.

"हे दोन अर्जदार म्हणजे एकच व्यक्ती आहेत का?"

"नाही. मी आणि माझी बायको."

"मग तुमच्या बायकोच्या नावात तुमचं नाव काय करतंय?"

मी समजावून सांगितलं की आमच्याकडे मधलं नाव नवऱ्याचं असतं. त्यांनी माझा अर्ज उचलला. "आणि तुमच्या मधे हे कोण आहेत?"

"माझे वडील."

"तेही घेतायत का घर?"

"ते वारले."

बाईंना मनापासून वाईट वाटलं. पण काम ते काम. "मग त्यांच्या वाटणीची सही कोण करणार?"

शेवटी आमच्या वडिलांचा या घरावर कुठलाही हक्क नाही, असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. वडिलांनी जन्मभर एक सायकल सोडून कशावर हक्क सांगितला नव्हता. मी त्या कागदावर सही करताना उगाचच त्यांची माफी मागितली. आणि खरं सांगायचं तर, ते असते तर या प्रकरणावर जे हसले असते, ते हसू मला त्या रांगेत उभ्या उभ्या ऐकू आलं.

अशात एक दिवस दलालाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"खुशखबर! आजींनी तुमचं सगळं मनावर घेतलं. टाइल्स काढल्या!"

माझ्या हातातून फोन हिने घेतला. "काढल्या म्हणजे?"

"फोडून काढल्या. नव्या लावल्या, पांढऱ्या. फळ्या काढल्या. दाराला तेल घातलं. तुम्ही म्हणालात तसं सगळं. किंमत थोडी वाढली, खर्च झाला ना. पण घर बघा कसं झालंय!"

ही खुर्चीवर बसली. नंतर बराच वेळ ती फक्त "पाखरं" एवढंच म्हणत होती.

आम्ही धावतपळत गेलो. स्वयंपाकघर दवाखान्यासारखं पांढरंफटक झालं होतं. पुस्तकं जमिनीवर गठ्ठ्यांनी, घर सुटलेल्या माणसांसारखी एकमेकांना टेकून बसलेली. आजी मधोमध उभ्या होत्या आणि चेहऱ्यावर दमणूक आणि अभिमान. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," दलालाने त्यांचं बोलणं आम्हाला सांगितलं, "माझी मुलगीही कधीपासून हेच म्हणत होती, जुनं झालंय म्हणून. मला दिसत नव्हतं. राहणाऱ्याला दिसत नाही."

"छान झालंय," ही म्हणाली. आयुष्यात प्रथमच तिने विकत घ्यायच्या वस्तूला छान म्हटलं, आणि तेही नेमकं न आवडलेल्या.

"आता एकच राहिलं," दलाल म्हणाला, "झाड. त्याचाही अर्ज दिलाय त्यांनी. झाड इमारतीच्या आवारातलं, म्हणून सभेपुढे जाईल. त्याच सभेत तुमच्या संमतीचंही होऊन जाईल. एका कामात दोन!"

खाली उतरताना हिने लिफ्टकडे पाहिलंही नाही. "मी सांगणार आहे," ती म्हणाली. "सगळं खरं सांगणार आहे."

अनुभवींनी कपाळाला हात लावला. "वहिनी, माझ्या अनुभवाने सांगतो, आवडलं म्हणालात की संपलं. ती बाई भाव आभाळाला नेईल!"

"नेऊ दे. पण झाड तुटलं आणि नंतर मी त्या घरात राहायला गेले, तर रोज सकाळी त्या खिडकीत मी कुठल्या तोंडाने बसू?"

सभा इमारतीच्या तळघरात भरली, सायकली ठेवायच्या जागेशेजारी. खुर्च्या पुरणार नाहीत इतके लोक आले होते. आम्ही शिरताच सगळ्यांनी वळून पाहिलं. 'हेच ते' हे कुठल्याही भाषेत सारखंच दिसतं. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. समोरचा बोलू लागला की ते मान तिरकी करून त्याच्या तोंडात बघत, त्यामुळे बोलणाऱ्याला आपण काहीतरी कुजकं लपवतोय असं वाटू लागे. त्यांनी सभेपुढचे विषय वाचून दाखवले. पहिला: होणाऱ्या परदेशी खरेदीदारांच्या मागणीवरून आवारातलं झाड तोडावं का. दुसरा: त्याच खरेदीदारांना इमारतीत घ्यावं का. हा क्रम ज्याने लावला त्याला मी आजही मनातून दाद देतो.

एकामागून एक माणसं उठली. कुणाची मुलं त्या झाडाखाली चालायला शिकली होती, कुणाचा नवरा त्या झाडाखाली गाडी पुसायचा आणि आता नव्हता. एक बाई काही न बोलता नुसत्या आमच्याकडे बघून खाली बसल्या. ते सगळ्यांत वाईट.

मला वाटलं, घरचा कर्ता म्हणून आपण उठावं. उठलो. तिथली भाषा मला थोडी येत होती, पण उभं राहिल्यावर ध्यानात आलं की ती मी सगळी बाजारात शिकलोय. मला महाग, जुनं, नको, सडकं आणि परत घ्या हे शब्द उत्तम येत होते. कौतुकाचा एकही शब्द शिकायची आजवर वेळच आली नव्हती.

"झाड," मी म्हणालो, "महाग नाही. झाड सडकं नाही. जुनं. पण परत घेऊ नका."

अध्यक्षांनी माझ्या तोंडात फार काळजीपूर्वक पाहिलं आणि बसायची खूण केली.

मग ही उठली. इंग्रजीत सुरुवात केली, दलाल भाषांतर करू लागला. दोन वाक्यं नीट गेली. पण हिला अगदी मनातलं बोलायचं असलं की इंग्रजी पुरत नाही. तिसऱ्या वाक्याला ती सरळ मराठीवर आली.

"अहो, सांगा त्यांना. मी ज्याला ज्याला नावं ठेवली ते सगळं मला आवडलं होतं."

मी ते इंग्रजीत दलालाला सांगितलं, दलालाने सभेला.

"सांगा, ही आमच्या सासूबाईंची शिकवण. आणि हेही सांगा, की हे माझे यजमान, घर आवडलेलं दिसू नये म्हणून मुंडी खाली घालून बैलासारखे उभे होते."

मी दलालाला म्हणालो, "तिच्या नवऱ्यालाही घर आवडलं होतं."

"त्या यापेक्षा बरंच बोलल्या," अध्यक्ष म्हणाले. "आणि तुमच्याकडे बोट दाखवून बोलल्या. पूर्ण सांगा."

मी पूर्ण सांगितलं. दलालाने त्याचा नेहमीचा उत्साह वापरला आणि दोन्ही हातांनी शिंगं करून दाखवली. तळघर पहिल्यांदा हसलं. माझी प्रतिष्ठा त्या दिवशी सायकलींच्या शेजारी जी ठेवली, ती मी परत आणलेली नाही.

ही मात्र हसली नाही. ती आता सभेकडे बघतच नव्हती, कोपऱ्यात बसलेल्या आजींकडे बघत होती.

"आजी, माझ्या आईच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. भिंतीकडे तोंड करून तिने सगळा जन्म रांधलं. मी जिथे जिथे राहिले तिथेही भिंतच. तुमच्या घरात ओट्याशेजारी बसायला जागा आहे. तिथे उभी राहिले आणि मला वाटलं, इथे चहा उकळायला कितीही वेळ लागला तरी चालेल. असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि ती पाखरं. प्रत्येकाची मान वेगळीकडे. एक तर सरळ माझ्याकडेच बघत होतं. त्याच्या तोंडावर मी शी म्हटलं. तुम्ही ते फोडून टाकलंत, माझ्यामुळे. झाड तरी ठेवा. घर मला मिळो न मिळो."

हे सगळं माझ्यातून आणि दलालातून गाळून पलीकडे जायला वेळ लागत होता. प्रत्येक वाक्य आधी माझ्यापाशी अडखळे, मग त्याच्यापाशी. शेवटच्या वाक्याला दलालाने उत्साह वापरला नाही. हळू बोलला.

आजींनी एकच विचारलं. "आवडलं होतं, तर वाईट का म्हणालात?"

"आवडलं म्हणूनच," ही म्हणाली.

सभेला हे समजेना. अध्यक्षांनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग मी उठून दलालामार्फत आमच्या खरेदीशास्त्राची सगळी मांडणी केली: काठ, पदर, पायरी, हाक. लोक एखाद्या दूरच्या ग्रहाची माहिती ऐकावी तसे ऐकत होते.

"आणि जी वस्तू खरोखर आवडत नाही," अध्यक्षांनी विचारलं, "तिला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"छान म्हणतात आणि घरी जातात."

यावर तळघर जे हसलं, त्यात ती न बोलता बसलेली बाईही होती. झाडाचा अर्ज आजींनी स्वतः मागे घेतला. दुसऱ्या विषयाला सगळे हात वर गेले. दलालाचाही गेला, आणि त्याचा तर तिथे काही संबंधही नव्हता.

आजींनी आम्हाला वर चहाला बोलावलं. अनुभवींच्या भाकिताप्रमाणे भाव आता आभाळाला जाणार होता, आणि जिन्याने चढताना मी मनातल्या मनात तेवढ्याची तयारीही केली होती. दलाल तर पायऱ्या दोन दोन करून चढत होता.

आजींनी कप भरले. स्वतःचा घेऊन त्या खिडकीच्या कट्ट्यावर झाडाकडे तोंड करून बसल्या. मग बोलल्या. दलालाने ऐकलं, पण भाषांतर केलं नाही. कप खाली ठेवला.

"काय म्हणतायत?"

"त्या म्हणतात," दलाल म्हणाला, आणि त्याला कशाचं तरी वाईट वाटू शकतं हे मी प्रथमच पाहिलं, "त्या घर विकणार नाहीत."

आजी आमच्याकडे न बघता बोलत होत्या आणि दलाल वाक्यामागून वाक्य सांगत होता. मुलगी म्हणे जुनं आहे, अंधारं आहे, टाकून ये. मला इथे का राहायचंय ते मला कळत होतं, पण सांगता येत नव्हतं. काय सांगणार, झाड आहे? खिडकी आहे? मुलगी म्हणाली असती, झाडं इकडेही आहेत. मग तुम्हीही तेच म्हणालात, म्हणून मी हरले. आज तुमची बायको बोलली तेव्हा वाटलं, हे तर माझं बोलणं. ते ऐकल्यावर कसं विकू?

मी हिच्याकडे पाहिलं. इतके दिवस जिने खोकी बांधता बांधता या घरात सामान कुठे लावायचं ते ठरवून टाकलं होतं, ती आता रडेल, नाहीतर माझ्यावर ओरडेल, म्हणून मी दंड आधीच लांब घेतला. हिने कपातला चहा संपवला.

"बरं केलंत," ती आजींना म्हणाली.

पण खाली उतरताना ती मधल्या पायरीवर मटकन बसली. मी शेजारी बसलो. खालून कुणीतरी वर आलं, आम्हाला ओळखून हसलं, बाजूने वाट काढून गेलं. सगळ्या इमारतीने आम्हाला आपलं म्हटलं होतं आणि इमारतीत आमचं काहीच नव्हतं.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं. नवरे अशा वेळी असलेच प्रश्न विचारतात.

"वाटणारच की हो," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. "पण मी असते ना त्यांच्या जागी, तर मीही नसतं विकलं."

अनुभवींना कळलं तेव्हा ते हळहळले. "तरी मी म्हणत होतो वहिनी. माझ्या अनुभवाने—"

"भाऊजी, तुमच्या अनुभवाने आजवर एका तरी माणसाला घर मिळालंय का?"

अनुभवींनी चहा अर्धा टाकला, ही त्या घरातली अभूतपूर्व घटना.

घर शेवटी मिळालं, त्याच इमारतीत. संमती वाया जाऊ नये असं अध्यक्षांनाच वाटलं आणि त्यांनी आपल्या भावाचं तळमजल्यावरचं घर सुचवलं. ते पाहायला जाताना हिने मला कसलीच ताकीद दिली नाही. आता आम्ही दोघंही असे धास्तावलो होतो, की दारातून शिरल्यापासून नुसतं कौतुक करत सुटलो. ओल आलेल्या भिंतीला ही म्हणाली, काय गारवा आहे! एक खोली दोन पावलांत संपत होती, तिला मी आटोपशीर म्हणालो. अध्यक्षांच्या भावाला आपल्या घरात इतके गुण आहेत हे माहीत नव्हतं. त्याने ते ऐकून किंमत सुधारून घेतली. आम्ही मुकाट्याने दिली. खिडकीतून तेच झाड दिसत होतं. वर फांद्या, पाखरं आणि वारा. आमच्या वाट्याला खोड.

आता ते शहर सुटून बराच काळ झाला. त्या घराचे कागद अजून माझ्या कपाटात आहेत, वडिलांच्या हक्कसोडीसकट. पण ते शहर आठवलं की ते घर काही डोळ्यांपुढे येत नाही. संध्याकाळी कामावरून यायचो तेव्हा आमचं दार बंद असायचं. सुरुवातीला मी बेल दाबून वाट बघायचो. पुढे सवय झाली, आणि मी बॅगेसकट सरळ वर चढू लागलो. वर आजींचं दार उघडंच असे. फळ्या परत बसवलेल्या होत्या, त्यासाठी पान्हे आणि स्क्रू घेऊन एक अख्खा रविवार मीच राबलो होतो. स्वयंपाकघर पांढरंच राहिलं. त्या टाइल्सवर एक थेंब उडाला तरी दिसतो, यावरून आजी हिला ऐकवायच्या, आणि ही मान खाली घालून पुसायची.

ही तिथली भाषा शिकली ती त्या खिडकीत. एका टोकाला आजी, दुसऱ्या टोकाला ही, मधे किटली. मला जमिनीवर जागा होती, पुस्तकांच्या भिंतीला पाठ लावून. चहा संपत आला की आजी रोज न चुकता विचारायच्या, "खालचं घर कसं आहे?"

"काय सांगू," ही म्हणायची. "कोपऱ्यातला रंग पुन्हा फुगलाय. पहाटे कचऱ्याची गाडी अगदी उशाशी येऊन उभी राहते. आणि आता जाऊन बघितलं तर कपडे अजून वाळलेले नसणार."

आजी सगळं ऐकून घ्यायच्या, उठून किटलीत पुन्हा पाणी घालायच्या आणि म्हणायच्या,

"मग बस अजून थोडा वेळ."